आबा, अंगठा काढा

"आबा, अंगठा काढा ना!"

नात चार वर्षांची. जेवणं झालेली, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात आमचं वाचन चालू. मी आपला 'आजी बाजाराला निघाली' वाचायलोय आणि हिचं सगळं ध्यान माझ्या अंगठ्यावर. काढला. खाली कोपऱ्यात मुंगी, तोंडात ज्वारीचा दाणा. पान उलटलं तर तिथंही हजर. गोष्टीत मुंगीचं नावसुद्धा नाही. पंधरा दिवसांत वीसदा तरी वाचलं असेल हे पुस्तक, पण मी वाचत होतो. हिला वाचता येत नाही, म्हणून ही बघत होती.

परभणीच्या छापखान्यात माझी तीस वर्षं गेली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. त्यामुळं पुस्तक हातात आलं की आधी फर्मे मोजतो, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे. चित्रांची पुस्तकं बहुधा 32 पानांची, म्हणजे सोळा पानी दोन फर्मे. आतलं मुखपृष्ठ, प्रकाशकाचं पान वजा केलं की गोष्टीला समोरासमोरची बारा-चौदा जोडपानं उरतात. एवढ्याशा जागेत चित्रातलंच पुन्हा शब्दांत सांगायचं म्हणजे कागदाची नासाडी. लाल फुग्याखाली 'हा लाल फुगा' लिहिलेलं पुस्तक आमची पोरगी एकदाच बघते, मग ते माठावर झाकण म्हणून कामी येतं. शेवटी 'तात्पर्य' असेल तर तेवढंही नाही.

पान कुठं संपवायचं, यातही मोठी अक्कल लागते. 'आणि झुडपातून बाहेर आलं...' इथंच संपलं पाहिजे. मग ही "थांबा" म्हणते, तळहातानं पान दाबून धरते. पुढं काय येणार ते तोंडपाठ असतं, तरीही.

दिवाळीत तिला अजिंठ्याला नेलं होतं. सतराव्या लेण्यात महाकपि जातक, म्हणजे बुद्धाच्या वानरजन्माची गोष्ट रंगवलीय, पाचव्या शतकातली. वानरांचा राजा एकीकडं स्वतःच्या अंगाचा पूल करून ताणलेला, आणि त्याच भिंतीवर माणसांच्या राजाशी बोलत बसलेला. सोबतचे पाहुणे कोड्यात पडले, वानरराज दोन कसे? ही माझ्या कडेवरून म्हणाली, "तोच हाय की. नंतरचा."

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकातलं गाव बघावं तेव्हा कौलारू, मागं डोंगर, शेजारी नारळ. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. वर मातीचं सपाट छत, त्यावर मिरच्या वाळायच्या, उन्हाळ्यात अंथरुणं पडायची. आमच्या गावच्या घरी अजून पडतात.

परवा त्या बाजारवाल्या आजीच्या घरावर हिनं खडूनं आडवी जाड रेघ ओढली. उतरतं छप्पर एका झटक्यात सपाट. वर तांबडे ठिपके.

"मिरच्या," म्हणाली.

पुस्तक वाचनालयाचं आहे. सोमवारी परत द्यायचंय.