वाळूत सायकल चालते का हो?

जैसलमेरहून परत आल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की माझं उत्तर पाठ झालंय: कधी चालते, कधी ढकलावी लागते. सोमेश्वरजवळच्या चहाच्या टपरीवर विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतात. दातांच्या डॉक्टरांनी तर माझा जबडा उघडा असताना विचारलं. पण विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या, विशेषतः बायकांच्या, मनात दुसराच प्रश्न असतो. ‘मी सायकलवर सामान बांधून कधी मुक्कामाला गेलेली नाही, घाटात माझा दम निघतो, मला जमेल का?’ त्याचं उत्तर लिफ्टमध्ये देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

जमेल. आणि पहिल्याच ट्रिपला जमवायचं असेल तर सह्याद्रीपेक्षा वाळवंट बरं, असं माझं मत आहे. लोकांना ते उलटं वाटतं. पण सामानासकट सापुताऱ्याचा चढ काढायला मांड्यांत ताकद लागते, आणि कसाऱ्यात मागून कंटेनर आला की ती ताकद असून नसून सारखी. जैसलमेरच्या पश्चिमेला नाव घ्यावेत असे चढ नाहीत, रहदारी तुरळक, अधूनमधून वस्ती लागते आणि डिसेंबर-जानेवारीत दुपारी टी-शर्टवर भागतं. फक्त हळू जायची तयारी पाहिजे. खरंच हळू.

नाशिककरांना नेमकं हेच जड जातं. २०१५ साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे तो देश आडवा पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, त्याचा अभिमान इथल्या प्रत्येक सायकलवाल्याला आहे. कुणी पंढरपूरची सायकल वारी करतो, कुणी बीआरएम नावाची लांब पल्ल्याची राइड करतो, म्हणजे २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. रविवारची राइड मिसळीपाशी संपते आणि तर्री वाढायच्या आधी ‘अ‍ॅव्हरेज किती पडला?’ हा प्रश्न येतो. थरमध्ये कच्च्या वाटेवर ताशी सहा-सात किलोमीटर पडला तर तो चांगला दिवस. आमचा रस्ता जैसलमेर, कुलधरा, खाभा, सम, तिथून खुरी आणि परत जैसलमेर असा होता. डांबरी रस्त्याने धरला तर सगळा मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. बीआरएमवाल्याचं एका दिवसाचं काम, त्याला आम्ही जवळजवळ आठवडा लावला.

बरोबर कोण होतं तेही सांगते, कारण सोबतीवर निम्मी ट्रिप अवलंबून असते. एक बँकेत असलेला मित्र, एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण, तिचा कॉलेजात जाणारा भाऊ, आणि ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले काका. सायकलवर मुक्कामाचा अनुभव कुणालाच नव्हता. बँकवाल्याने एक्सेलमध्ये रोजचे ७० किलोमीटर मांडले होते. कुलधऱ्याला पोचेपर्यंत त्याने ती फाइल स्वतःहून बंद केली, हा त्याचा मोठेपणा. मग काकांनी नियम घातला की सगळ्यात हळू जो, तो पुढे. मागच्याने घंटी वाजवायची नाही, ‘चला चला’ म्हणायचं नाही. कॉलेजकुमार पहिल्या दिवशी कावला, दुसऱ्या दिवशी त्याचेच पाय भरून आले आणि तोच पुढे गेला.

आता वाळूचं. शहराच्या आसपास पिवळ्या दगडाचं सपाट पठार आहे, त्याला तिकडे मगरा म्हणतात. खडी आणि दगड असतात, पण सायकल मजेत पळते. त्यानंतर गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा येतात, जीपच्या चाकोऱ्या पडलेल्या. इथे खरी परीक्षा. चाकोरीतली वाळू पिठूळ झालेली असते, पुढचं चाक घुसतं आणि हँडल आपल्या मनाने वळतं. पावसानंतर काळ्या रानात सायकल घातली की कसं होतं, साधारण तसंच, फक्त चाकाला काही चिकटत नाही. आणि शेवटी धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या. त्यांवर सायकल चालवायचा विचार सोडून द्या. फोटो काढा आणि खाली या.

चाकोरीत टिकायचं तंत्र थोडक्यात असं: वाळू सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकायचा, वजन मागे घ्यायचं, हँडल घट्ट आवळायचं नाही, नजर लांब ठेवायची, पाय फिरत ठेवायचे. ब्रेक दाबला की गेलात. वळायचं झालं तर मोठ्या घेराने. दोन चाकोऱ्यांच्या मधे गवत असेल तर तिथली जमीन बऱ्याचदा जास्त टणक असते. सकाळी लवकर निघालात तर रात्रीच्या दवाने वाळू दबलेली मिळते. ऊन चढलं की तीच वाट भुसभुशीत होते. आणि चाक रुतलं की लगेच उतरायचं. रुतलेल्या चाकावर जोर काढण्यात जेवढी दमछाक होते तेवढ्यात दोनशे मीटर ढकलून होतात. उतरण्यात कमीपणा नाही हे पोटातून पटायला आमच्या बँकवाल्याला दोन दिवस लागले.

यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम हवेचं. टायर सव्वादोन इंची असेल तर डांबरावर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतं, वाळूत तेच २०-२२ वर आणावं लागतं, म्हणजे टायर पसरतो आणि तरंगतो. पण आत साधी ट्यूब असेल आणि त्याच कमी हवेवर मगऱ्यावर गेलात, तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा घेते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. म्हणून वाळू आली की हवा सोडा, दगड आला की भरा. दिवसातून कितीदा तरी. काका पंपाचा काटा बघायचे नाहीत, टायरवर अंगठा दाबून ‘अजून दहा दट्टे’ सांगायचे. मी दोनदा काटा लावून पाहिला आणि मग तपासणं सोडून दिलं.

आणि काटे. सराटे आपल्याकडेही आहेत, पण थरमध्ये वाटेच्या कडेला सायकल आडवी टाकलीत तर उचलताना टायर आधी तपासायचाच. शिवाय भुरट नावाचं गवत, त्याची बोंडं मोज्यांना, लेसला, हातमोज्यांना अशी चिकटतात की संध्याकाळी वेचत बसावं लागतं. खाभ्याच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. काकांनी ट्यूब काढली, भोक सापडलं, ठिगळ लावायला कानशीने घासलं सुद्धा, पण टायर परत चढवू देईनात. खिशातून जुन्या बनियनचा तुकडा काढला आणि टायरच्या आतून हळूहळू, एकाच दिशेने फिरवला. तीन-चार वेळा काहीच नाही. मग एका ठिकाणी धागा अडकला. बाहेरून काही दिसत नव्हतं. काटा रबराच्या पातळीवर मोडला होता आणि आत सुईच्या अग्राएवढं टोक राहिलं होतं. नखाने निघेना, तेव्हा मैत्रिणीच्या प्रथमोपचाराच्या पिशवीतला चिमटा घेतला. ‘हे राहिलं असतं तर पुढच्या किलोमीटरला परत बसलो असतो,’ एवढंच म्हणाले आणि ते टोक लांब फेकण्याऐवजी कागदात गुंडाळून खिशात घातलं. कुणाच्या तरी पायात नको. बनियनचा तुकडा तेव्हापासून माझ्याही किटमध्ये आहे. टायर ट्यूबलेस असेल तर उलट करायचं: काटा दिसला तरी उपटण्याची घाई नको, आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, त्याच्याभोवती धरतं. मुक्कामी पोचल्यावर काढा. चेनला तेल कोरड्या हवेचं घ्या. साधं दाट तेल वाळू धरून ठेवतं आणि मग चेन, दातरी सगळंच झिजतं. जुना टूथब्रश रोज संध्याकाळी फिरवायचा.

पाण्याबाबत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. थंडीतसुद्धा माणशी पाच-सहा लिटर धरायचं, आणि पुढच्या वस्तीवर मिळेलच असं गृहीत धरायचं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे बाटल्या पाठीवर न घेता फ्रेमवर आणि पुढच्या फोर्कवर, जितक्या खाली बांधता येतील तितक्या खाली. ओआरएसची लिटरभराची पाकिटं अख्खी लिटरभर पाण्यात घालायची, ग्लासात अर्धं पाकीट असं नाही. आमच्यातल्या एकाने नाशिकचा चिवडा भरपूर आणला होता. तिखट, खारट आणि कोरडा, म्हणजे वाळवंटात नेऊ नये ते सगळं एका पाकिटात. गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि मनुका मात्र कामाला आल्या.

पाण्यावरून एक सांगायचंच आहे. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजारांच्या वर पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर जातो. त्या २०० मिलिमीटरवर पालीवाल ब्राह्मणांनी शेती केली. मगऱ्याच्या उताराखाली लांबलचक मातीचा बांध घालायचा, दगडावरून वाहून आलेलं पाणी त्याच्या आत अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर हरभरा आणि गहू घ्यायचा. याला खडीन म्हणतात. कुलधरा हे त्यांचंच गाव, एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं. तिथे गेलात की भुतांच्या गोष्टी ऐकवतात. मला त्यांत रस वाटला नाही, खडिनांत वाटला. गाडीने गेलो असतो तर ते बांध साधे उंचवटे वाटून मागे पडले असते. सायकल ढकलत असल्यामुळे बांधाच्या अलीकडची खडखडीत जमीन आणि पलीकडचं हिरवं शेत पायांना वेगवेगळं कळलं.

समच्या आसपास बराचसा भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, ३१६२ चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलंय. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथल्या वाटांवर शिरू नका, तंबू तर नाहीच. माळढोक हा पक्षी आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला होता म्हणून आपण अभयारण्य केलं, आता त्याची मुख्य आशा याच भागावर आहे. समला २०१९ पासून त्याचं प्रजनन केंद्र आहे. आम्हाला पक्षी दिसला नाही. चिंकारा दिसले, आणि पवनचक्क्या व विजेच्या तारा खूप दिसल्या. त्याच तारांवर आपटून माळढोक मरतात. पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले कच्चे रस्ते सायकलला उत्तम असतात, ही त्यातली अडचणीची गोष्ट. चालवताना बरं वाटतं आणि वर बघितलं की बरं वाटत नाही.

परदेशी व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांना एक सूचना. त्यांत सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे मोबाइलला रेंज नसताना उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, दाखवतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगायला बंदी आहे, आणि हा तर सरहद्दीचा जिल्हा. ड्रोनही घरी ठेवा. आधार कार्ड जवळ ठेवा, कुठल्या गावाहून कुठे निघालोय ते यजमानांना सांगून निघा, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. नकाशावर मधे मोकळी जागा दिसली म्हणून पोखरणच्या बाजूला आडवं घुसू नका. तिथे लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचं मैदान आहे.

झोपायला आम्ही गावातच राहिलो. डिसेंबरच्या रात्री पारा सात-आठवर येतो, त्यामुळे स्लीपिंग बॅगच्या आत गोधडी घ्या म्हटलं तर हसू नका. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचवासाठी. खुरीच्या अलीकडे एका ढाणीत, म्हणजे छोट्या वस्तीत, आजींनी आमच्या सायकलींभोवती एक फेरी मारली, सामानाच्या पिशव्या चाचपल्या आणि मला विचारलं, ‘बाईसा, गाडी कोनी?’ गाडी आहे, घरी आहे, म्हटल्यावर त्यांना आमची जास्तच काळजी वाटली असावी. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा. दसऱ्याला आपण ज्या झाडाची पूजा करतो त्याची भाजी होते हे काकांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तीनदा मागून घेतली. पैसे द्यायला गेलो तेव्हा आजी रागावल्या, सुनेने मात्र ठेवून घेतले. सुनेचं बरोबर होतं.

सायकली न्यायचं विचारतात. दुकानातून नव्या सायकलींचे रिकामे खोके मागून घ्या, पुढचं चाक आणि पॅडल काढा, हँडल वळवा. आम्ही नाशिकहून वांद्र्यापर्यंत छोटा हत्ती केला, पुढे सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथून जैसलमेर. पार्सल ऑफिसला गाडीच्या वेळेच्या बरंच आधी जा, आणि मागच्या डिरेलरभोवती (गिअर बदलणारा भाग) जुना टॉवेल गुंडाळायला विसरू नका, खोके आपटतातच.

कोणती सायकल घेऊ, हे सगळ्यात शेवटी विचारतात. आहे तीच घ्या, टायर दोन इंचांच्या वर असला म्हणजे झालं. सामान पूर्ण बांधून, पाण्याच्या बाटल्या भरून, चामर लेण्याच्या पायथ्याच्या कच्च्या वाटेवर एक सकाळ काढा. जे सुटतंय, घासतंय, खडखडतंय ते तिथेच कळेल, आणि नवीन खोगीर आपल्याला मानवतं का तेही. तारखा ठरवताना नाताळ ते नवं वर्ष एवढे दिवस वगळा. तेव्हा समला पाय ठेवायला जागा नसते आणि डीजे पहाटेपर्यंत चालू असतो. जानेवारीचा दुसरा पंधरवडा बरा.