ईडिपसची चौकशी

रविवार, रात्र

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचे 'राजा ईडिपस' आज पुन्हा वाचून झाले आणि या वेळी एक गोष्ट मनातून हलेना. ज्या नियतीच्या नावाने हे नाटक ओळखले जाते, ती रंगमंचावर जवळजवळ काहीच करत नाही. नाटक सुरू होते तेव्हा बापाचा खून होऊन, आईशी लग्न होऊन, त्या लग्नातून चार मुले होऊन बरीच वर्षे लोटलेली असतात. डेल्फीच्या मंदिरातल्या अपोलो देवाच्या देववाणीने जे वर्तवले ते घडून गेलेले असते. ते उघडकीस येणे तेवढे बाकी असते आणि ते उघडकीस आणायला कंबर कसलेला माणूस ईडिपस स्वतःच असतो.

त्याचा प्रवास आठवावा. थीब्ज नगराच्या लायस राजाने आपल्या तान्ह्या मुलाचे घोटे टोचून त्याला किथायरोन डोंगरावर टाकण्यासाठी एका धनगराच्या हाती दिले. धनगराला दया आली आणि ते मूल कॉरिंथच्या पॉलिबस राजाच्या घरी वाढले. पुढे एका मेजवानीत कोणी दारूच्या नशेत 'तू या बापाचा नव्हेस' असे बोलून गेला आणि ते मनाला लागल्यामुळे ईडिपस डेल्फीला गेला. तिथे अपोलोने त्याच्या प्रश्नाचे उत्तरच दिले नाही. आईबाप कोण हे न सांगता, तू बापाला मारशील आणि आईशी संसार करशील, एवढेच सांगितले. यानंतर कॉरिंथला पाऊल न टाकण्याचे त्याने ठरवले, ते कोणत्याही भल्या मुलाने ठरवले असते. आपण घरापासून लांब पळतो आहोत असे त्याला वाटते आणि प्रत्यक्षात तो घराकडेच चाललेला असतो. वाटेत, फोकिस प्रदेशातल्या तिठ्यावर, रथातल्या एका म्हाताऱ्याशी वाट देण्यावरून भांडण होते आणि तो म्हातारा, म्हणजे लायसच, मरतो. वीरकथांतला नायक घर सोडतो, राक्षसाला हरवतो, राज्य आणि राणी मिळवतो. थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स या राक्षसिणीचे कोडे सोडवून ईडिपसही हे सारे मिळवतो, मात्र त्यातले एकूण एक त्याच्या बापाचे असते.

शोकांतिका शिकवताना नायकाचा स्वभावदोष शोधायला लावतात आणि ईडिपसच्या बाबतीत त्याचा संताप किंवा अहंकार पुढे केला जातो. मला हे कधीच पटलेले नाही. तो संतापी आहे, हे खरे. द्रष्टा टायरेसिअस आणि राणीचा भाऊ क्रिऑन यांच्यावर तो ज्या तऱ्हेने घसरतो ते वाचवत नाही. पण भविष्य त्याच्या जन्माआधी वर्तवलेले होते, मग स्वभावाला त्याचे कारण कसे म्हणावे? सोफोक्लीसच्या आधीच्या पिढीतला नाटककार इस्किलस याने इ.स.पू. 467 मध्ये याच घराण्यावर नाटके केली, तेव्हा त्याच्या अपोलोने लायसला बजावले होते की निपुत्रिक मेलास तर नगर वाचेल. तिथे निदान बापाने आज्ञा मोडली असे म्हणता येते. सोफोक्लीसने ती पळवाटही बुजवून टाकली. त्याच्या नाटकात मुलाच्या हातून मरण येईल एवढेच सांगितले जाते. आपल्याकडे टाकून दिलेल्या मुलाची गोष्ट आली की कर्ण आठवतो आणि त्याच्या दुःखामागे शाप आहेत, निवड आहे, ऋणानुबंध आहेत. हवे तर मागच्या जन्माचे संचितही काढता येते. ईडिपसच्या पाठीशी असे काहीच नाही.

उरते ती चौकशी. नगरात रोगराई आहे, लायसचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही आणि ईडिपस भर सभेत त्या खुन्याला शाप देऊन सांगतो की लायस माझा बाप असता तर जसा झटलो असतो तसाच मी झटेन. प्रेक्षकांना गोष्ट ठाऊक असल्याने या वाक्याचा काटा त्यांना लगेच टोचत असणार. त्याला तिघे थांबवतात. आंधळा द्रष्टा टायरेसिअस घरी जाऊ दे म्हणतो. कॉरिंथच्या दूताचे बोलणे ऐकून सारे उमगलेली योकास्टा, त्याची राणी आणि आई, पुढे विचारू नकोस म्हणून विनवते. शेवटी तो धनगर, आता भयंकर तेच सांगायची पाळी आली, असे म्हणून अडखळतो, तर ईडिपस उत्तरतो की माझ्यावर ते ऐकायची, पण ऐकलेच पाहिजे. खून आणि लग्न त्याने अजाणता केले. हे मात्र तो पूर्ण जाणून करतो. म्हणूनच डोळे फोडून घेतल्यावरचे त्याचे बोलणे मला नाटकाचा कणा वाटते: ही दुःखे अपोलोने आणली, पण घाव घालणारा हात माझाच होता.

(एका प्राचीन टिपणानुसार हे नाटक स्पर्धेत दुसरे आले आणि पहिले बक्षीस इस्किलसच्या भाच्याला, फिलोक्लीसला मिळाले. त्याचे एकही नाटक आज पूर्ण उरलेले नाही.)

पुढे नव्वदीच्या आसपास सोफोक्लीस पुन्हा या माणसाकडे वळला. 'कोलोनसमधील ईडिपस' (कोलोनस हे अथेन्सजवळचे गाव) त्याच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. 401 मध्ये, नातवाने रंगमंचावर आणले. त्यातला म्हातारा ईडिपस सूर बदलतो. मी जे केले ते माझ्यावर गुदरले, समोरच्याने आधी हात उगारला होता, तो कोण हे मला ठाऊक नव्हते, असे तो ठासून सांगतो. म्हणजे पहिल्या नाटकात स्वतःच स्वतःला शिक्षा देणारा दुसऱ्यात स्वतःचा वकील होतो. अनेकांना यात सलोखा दिसतो, कारण देव अखेर त्याला सन्मानाने बोलावून घेतात आणि त्याची समाधी अथेन्सचे रक्षण करणार असते. मला तो सलोखा अर्धवटच वाटतो. ज्या देवांनी तुम्हाला पाडले तेच आता वर उचलत आहेत, असे त्याची मुलगी इस्मेनी आनंदाने सांगते, तेव्हा बाप तिला म्हणतो की तरुणपणी पडलेल्याला म्हातारपणी उचलण्यात काय मोठेपणा? देवांच्या बाजूने या प्रश्नाला उत्तर देणारे एकही पात्र सोफोक्लीसने त्या प्रसंगात ठेवलेले नाही.