देणं आणि येणं

२५ मार्च २०२० ला, गुढीपाडव्याच्या सकाळी, माझ्या खात्यात ३८,६४० रुपये होते आणि पाकिटात सहा हजार दोनशे. हे आकडे अजून पाठ आहेत, कारण पुढचे अडीच आठवडे मी दुसरं काही पाठ केलंच नाही.

मी लग्नाचे फोटो काढतो. इंदुरात अन्नपूर्णा रोडला दुकान आहे, सुदामा नगरात वडिलांनी बांधलेलं घर. आमच्या धंद्यात वर्षाची भाकरी दोनदाच थापली जाते. एकदा देवउठनी ग्यारस म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर आणि एकदा एप्रिल-मेमध्ये. त्या उन्हाळ्यात पाच लग्नं हातात होती, त्यातलं एक अक्षय तृतीयेचं, २६ एप्रिलचं. प्रत्येकाचे पंधरा हजार अ‍ॅडव्हान्स आले होते आणि आल्या पावली गेलेही होते. पोरीची फी, दुकानाच्या गळक्या छताचं काम, आणि नोव्हेंबरात हप्त्यावर घेतलेला नवा कॅमेरा. फायनान्सवाल्याचे दोन लाख चाळीस हजार, चोवीस हप्ते, महिन्याला ११,५२३.

शाळा बंद झाल्या म्हणून बायको आणि लेक १८ तारखेला जळगावला गेल्या होत्या, माहेरी. आठवड्याभरात येतो म्हणाल्या. २२ च्या संध्याकाळी इंदूरने थाळ्या वाजवल्या, आणि आपलं शहर कुठलीही गोष्ट जरा जास्तच करतं, त्यामुळे राजवाड्यावर लोकांनी झेंडे घेऊन मिरवणूकच काढली. मीही गॅलरीत उभा राहून डाव हाणला पातेल्यावर. तीन दिवसांनी शहरात कर्फ्यू, देशात लॉकडाउन, आणि मी एकटा गुढी उभारतोय. चांगल्या साड्या जळगावला गेलेल्या. लेकीची ओढणी बांधली. गाठी नव्हत्या. कोपऱ्यावरच्या झाडाचा कडुनिंब तेवढा मिळाला.

३० मार्चपासून तर किराणा बंद, दूधही बंद. काळा चहा प्यायची मला सवय नाही. तिसऱ्या दिवशी कपात बघितलं तर आपण आजारी आहोत असंच वाटलं. पुढे नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या माणसांकडे यादी द्यायची आणि सामान घरी यायचं असं सुरू झालं, पण भाजी कितीतरी दिवस दिसलीच नाही. कचरागाडी मात्र एक दिवस चुकली नाही. ती लांबून गाणं वाजवत यायची आणि मी डबा घेऊन खाली. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा! दोन बटाट्यांची सालं आणि चहाचा चोथा. पण रोज उतरायचो, कारण दिवसभरात तोंडासमोर दिसणारा तो एकच माणूस. "भिया, दूर से, दूर से," म्हणायचा. तेवढंही पुरायचं.

पहिला फोन एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आला. लग्न पुढे ढकललंय, तारीख ठरली की सांगू, तोवर पैसे परत द्या. दुसरा दोन दिवसांनी. तिसरे एक काका होते, मुलाच्या लग्नासाठी जानेवारीत दुकानात येऊन तासभर घासाघीस केलेले. त्यांनी आवाज चढवला. "तुम्ही काय फोटो काढलेत का? मग पैसे कशाचे ठेवता?" मी म्हटलं, काका, तारीख अडवली होती. ते म्हणाले, "तारीख सरकारने अडवली." खरं तर विनोद चांगला होता. त्या दिवशी कळला नाही.

तीन पंधरा पंचेचाळीस. शिवाय दुकानाचं भाडं नऊ हजार, असिस्टंट पोराचे आठ, हप्ता. रात्री दोनला जाग यायची आणि मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर तेच ते गणित. गंमत अशी की उत्तर माहीत असूनही मी दरवेळी नव्याने बेरीज करायचो, जणू कधीतरी कमी येईल. पंख्याचा आवाज, लांब कुत्री, आणि ७३,५२३. त्यात घरखर्च धरलेलाच नसायचा, तो धरायची हिंमत नव्हती.

बायकोला सांगितलं होतं, सगळ्या पार्ट्या समजूतदार आहेत, तारखा पुढे गेल्यात, बाकी काही नाही. रोज सकाळी साडेआठला व्हिडिओ कॉल. त्याआधी दाढी करायची, मागे पसारा दिसणार नाही अशी खुर्ची लावायची. माझंच काम ते, फ्रेम लावणं. लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही अंधारात का बसता?" मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसायचो. चेहरा काळा पडतो त्यात.

शाळेतल्या मित्रांचा ग्रुप दर रविवारी झूमवर तंबोला खेळायचा. तिकीट पन्नास रुपये. पहिल्या रविवारी खेळलो, दुसऱ्या रविवारी नेट चालत नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्या रविवारी कोणी विचारलंच नाही. गल्लीत एका संस्थेची पोरं जेवणाची पाकिटं वाटत यायची. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू काकू घ्यायच्या, मी हात जोडून "आमच्याकडे आहे सगळं" म्हणायचो. खोटं नव्हतं ते. पीठ होतं, डाळ होती, लोणच्याची बरणी होती. मला भूक नव्हती, पंचेचाळीस हजारांची भीती होती, आणि तिचं पाकीट कोणी वाटत नव्हतं.

सांगितलं ते काही ठरवून नाही. १२ एप्रिलला बायकोने शाळेच्या फीचा मेसेज वाचून दाखवला. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, शेवटची तारीख आहे. मी म्हटलं, बघू गं. मग ती थांबली.

"अहो, बघू म्हणजे? पैसे नाहीत का?"

मी गप्प. तिने फोन घेऊन जिना चढल्याचा आवाज आला, गच्चीचं दार वाजलं.

"किती?"

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा आधी का नाही सांगितलंत म्हणून चिडेल. ते नंतर झालंच, जूनमध्ये, सविस्तर. त्या दिवशी तिला फक्त आकडा हवा होता. कोणाचे किती, केव्हापर्यंत, कोण काय बोललं. भाच्याची जुनी चौरेघी वही घेऊन बसली आणि मला एकेक ओळ दोनदा म्हणायला लावली. देणं संपल्यावर म्हणाली, "आता येणं सांगा."

येणं? मी अडीच आठवडे नुसत्या देण्याचीच बेरीज करत होतो. फेब्रुवारीतल्या लग्नांचे चार अल्बम डिझाइनला पडले होते, त्या चार घरांकडून शेचाळीस हजार यायचे होते. अल्बम हातात दिल्याशिवाय बाकी मागायची नाही हा माझा नियम, आणि प्रिंटिंगची लॅब बंद, म्हणून ते पैसे माझ्या डोक्यातून पुसलेच गेले होते. ती म्हणाली, "डिझाइन तर घरात बसून होतं ना? करा, मोबाईलवर पाठवा, आणि अर्धे तरी मागा. मी बोलते बायकांशी." बायकांशी म्हणजे नवऱ्यामुलींच्या आयांशी. माझ्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या घरांत तिचं हळदीकुंकवाचं येणंजाणं आहे, हे मला माहीत होतं, पण त्याचा धंद्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या चार घरांतून एप्रिल-मेमध्ये एकतीस हजार आले. परताव्याच्या दोन पार्ट्या महिन्याला पाच हजारांवर तयार झाल्या. ते काका मात्र नाहीत. त्यांचे पंधरा एकरकमी पाठवले. पाठवल्यावर त्यांनी "ओके" लिहिलं आणि अंगठाही टाकला.

हप्त्याचं सांगतो, कारण तेव्हा पुष्कळांचा गोंधळ झाला होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला मोरेटोरियम, म्हणजे हप्त्यांना स्थगिती, जाहीर केलं, आधी मेअखेरपर्यंत, मग ऑगस्टअखेरपर्यंत. मला वाटलं माफ झालं. माफ नव्हतंच, थांबलं होतं, आणि थांबलेल्या रकमेवर व्याज चालूच होतं. मार्चचा हप्ता आधीच गेला होता, पुढचे पाच मी भरले नाहीत. त्या पाच महिन्यांचं व्याज बारा हजारांच्या वर चढलं आणि मुद्दलात बसलं. पाच हप्ते शेवटी गेले, वर आणखी एक हप्ता आणि थोडं. चूक केली का? तेव्हा दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण ज्याच्याकडे भरायला होते त्याने भरायला हवे होते, हे मला कोणी त्या वेळी सांगितलं नाही. पुढे व्याजावरचं व्याज सरकारने परत केलं. नोव्हेंबरात दिवाळीच्या तोंडावर खात्यात आले ४४२ रुपये. त्याची आम्ही जिलबी आणि सराफ्यातली कचोरी खाल्ली.

माझा असिस्टंट पोरगा देवासकडचा. त्याला पगार देता येईना तेव्हा तोच म्हणाला, "भिया, तुम टेंशन मत लो, मैं गाँव में हूँ, गेहूँ कट रहा है." एप्रिलचे चार हजार पाठवले, मेचे नाही. ते वहीत आहे, फिटलंही आहे, पण दोन वर्षांनी.

बायको आणि लेक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या. ई-पास, टॅक्सीचे साडेपाच हजार, बऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने. दारावर क्वारंटाइनचा कागद लागला. चौदा दिवस तिघं घरात, आणि मला इतका गोंगाट सहन होईना. खरं सांगतो, दुसऱ्याच दिवशी गच्चीवर जाऊन बसलो एकटा.

मग पन्नास माणसांची लग्नं सुरू झाली. आणि पावसाळ्यात बॅगेतून लेन्स काढली तर आत बुरशीचं जाळं, कोळ्याने विणावं तसं. चार महिने कॅमेरा उघडलाच नव्हता. साफ करायला साडेतीन हजार. तो वहीत सगळ्यात रागाने लिहिलेला आकडा आहे, पेन कागदातून आरपार गेलंय.

आता जे लिहायचं होतं ते. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. त्या महिन्याबद्दल इंदुरातल्या माणसाला काही सांगायला नको. दवाबाजारासमोरच्या इंजेक्शनच्या रांगा ज्याने पाहिल्या त्याने पाहिल्या. दुकान परत बंद, लग्नं परत रद्द. या वेळी मी पहिल्याच रात्री वही काढून बायकोसमोर बसलो होतो, पण वहीत लिहायला वेगळंच काम येऊ लागलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा आणि खाली मजकूर: मोठा करून द्या, फ्रेमसहित. किंवा: दादा, आमच्या ताईच्या लग्नात तुम्ही काढले होते, त्यात बाबांचा एखादा एकट्याचा असेल का?

एकट्याचा कधीच नसतो. लग्नात कोणी एकटं उभं राहत नाही. मग हार्ड डिस्क लावून रात्र रात्र शोधायचं. फेटा बांधलेला, विहिणीच्या पंगतीत हसणारा, पंक्तीत वाढणारा माणूस. त्याला घोळक्यातून कापून बाहेर काढायचं, मागचा मंडप पुसायचा, निळा-करडा रंग भरायचा. सगळ्यात वेळ लागतो तो खांद्यावरच्या हाताला. कोणीतरी गळ्यात हात टाकलेला असतो. माणूस कापला की चार बोटं उरतात खांद्यावर, ती एकेक करून पुसावी लागतात, आणि त्याखालचं कापड नव्याने बनवावं लागतं. एकदा लेक मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "राहू द्या ना तो हात." मी नाही ठेवला. फ्रेममध्ये बरं दिसत नाही.

लॅब बंद होती म्हणून घरच्या ए-फोर प्रिंटरवर ग्लॉसी कागदावर काढायचो, दुकानातल्या जुन्या फ्रेमा लावायचो. साडेतीनशे रुपये. एप्रिल ते जून मिळून सत्तावीस फ्रेमा. मधल्या एका महिन्याचा हप्ता त्यातूनच निघाला जवळजवळ. हे मी कोणाशी बोललो नव्हतो. आदल्या वर्षीची काळजी होती पैसे येत नाहीत याची, या वर्षी ते येत होते आणि मी मोबाईल वाजला की आधी बायकोकडे बघायचो.

मेमध्ये एका मुलाचा फोन आला. आवाज ओळखीचा नव्हता, आडनाव होतं. त्याचे वडील गेले होते. तेच ते काका, तारीख सरकारने अडवली म्हणणारे. मुलाचं लग्न शेवटी डिसेंबरात पन्नास माणसांत झालं होतं, फोटो चुलत भावाने मोबाईलवर काढलेले. त्याने पाठवलेला फोटो मोठा करताच नुसते चौकोन दिसायला लागले. मी म्हटलं, यातून काही होणार नाही. आणि फोन ठेवल्यावर आठवलं.

जानेवारी २०२० मध्ये ते दुकानात घासाघीस करत बसले होते तेव्हा कॅमेरा नवा होता. मी म्हटलं होतं, काका, जरा हलू नका, फोकस बघतो. डिस्कवर जानेवारीच्या फोल्डरमध्ये ट्रायल म्हणून पडलेल्या सहा फाइली निघाल्या. पाचात ते बोलतायत. सहाव्यात नाक वर करून सरळ लेन्सकडे बघतायत, दर जास्त आहे हे माहीत असल्यासारखे. खिडकीचा उजेड एका बाजूने, डोळ्यांतला कण न् कण स्पष्ट. खांद्यावर कोणाचा हात नाही. काही पुसायला लागलं नाही.

मुलगा फाटकाशी आला, आत नाही आला. फ्रेम उलटी धरून दिली, त्याने सरळ करून बघितली, बराच वेळ. मग खिशातून पाचशेची नोट काढली. माझ्याकडे सुटे नव्हते. म्हणाला, राहू द्या. मी म्हटलं, नाही, देतो नंतर. बायकोने वहीत देण्याच्या बाजूला लिहिलं: दीडशे. ते अजून तसेच आहेत.