बोट किती वाकवून ठेवायचं?

"मावशी, बोट किती वाकवून ठेवू?" डॉक्टरांनी विचारलं आणि मावशी माझ्याकडे बघायलाच लागली.

तिच्या उजव्या तर्जनीचा मधला सांधा पार झिजलाय. ऑपरेशनमध्ये उरलीसुरली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, काढून दोन्ही हाडं स्क्रूनं जुळवणार. दोनेक महिन्यांत ती एकजीव होतात. दुखणं थांबतं, पण तो सांधा परत कधीच वाकत नाही. म्हणून कोन आधीच ठरवायचा. तर्जनीला साधारण ४० अंश, पुढच्या बोटांना करंगळीकडे जाताना तो वाढत जातो.

मावशीनं पिशवीतली सुई काढली, कळ सोसत चिमटीत धरली. "एवढं. काजं करता आली पाहिजेत मला."

डॉक्टरांनी तिथंच कोन मोजून लिहून घेतला. फार बरं वाटलं. इतके दवाखाने झाले, या हातांनी ती काय करते हे कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्याकडे विचारतात का?