वहीत रोज तेच तेच येतंय का?

'मन जड झालंय? लिहून काढ' हा सल्ला आपल्याकडे उठसूट दिला जातो. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. किती वेळ लिहायचं आणि कुठे थांबायचं हे कुणी सांगत नाही. मग एकच भांडण महिनोन्‌महिने वहीत उगाळलं जातं आणि माणूस बसला होता त्यापेक्षा जास्त चिडून उठतो.

मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा गाजलेला प्रयोग १९८६ सालचा. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायचं होतं. कुणी किरकोळ विषयावर लिहिलं, कुणी आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगावर. काय घडलं आणि त्याचं काय वाटलं, हे दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून उठल्याबरोबर त्यांचा मूड उतरलेला होता, रक्तदाबही चढलेला होता. हा भाग सांगायचा राहून जातो आणि पहिल्याच दिवशी रडू आलं की लोक वही बंद करतात. २००६ मध्ये संशोधक जोआन फ्रॅटारोली यांनी असे १४६ अभ्यास एकत्र तपासले. फायदा खरा निघाला, पण छोटा. तेव्हा औषध किंवा समुपदेशन सोडून वहीवर भिस्त ठेवू नये.

करायचं असं: एकच विषय, चार दिवस, १५ ते २० मिनिटांचा गजर. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. सुचेना झालं तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा, पेन थांबवू नका. झोपण्याच्या तोंडावर हे नको. नंतर सावरायला पंधरा-वीस मिनिटं हाताशी असावीत. प्रसंग अगदी ताजा असेल तर काही आठवडे जाऊ द्या. आणि अमुक विषयाला हात घातला तर आपण कोलमडू असं वाटलं, तर तो विषय सोडायचा. हा नियम खुद्द पेनेबेकर यांचाच.

चौथ्या दिवशी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. पहिल्यावर समजा असं आहे: 'सासूबाई नेहमीच सगळ्यांसमोर बोलतात. माझं कधीच कुणी ऐकत नाही.' आणि चौथ्यावर: 'पाहुणे आले की त्या जास्त बोलतात, कारण काही कमी पडेल याची त्यांना धास्ती असते. मला खरा राग येतो तो हे गप्प बसतात याचा.' इथे काहीतरी हललं. 'कारण', 'त्यामुळे', 'आता लक्षात येतंय' असे शब्द दिवसागणिक वाढत गेलेल्यांना लिखाणाचा फायदा जास्त झाला, असं पेनेबेकर यांच्या विश्लेषणात दिसलं.

चौथं पानही 'नेहमीच' आणि 'कधीच'वरच अडलं असेल, तर पाचवं पान भरू नका. पद्धत बदला. तोच प्रसंग 'मी'ऐवजी 'ती' किंवा 'तो' करून लिहा. नाहीतर रकाने पाडा: प्रसंग, मनात आलेला विचार, भावना ० ते १०० मध्ये किती, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, आणि शेवटी भावना पुन्हा किती. ८० चे ५५ झाले तरी पुष्कळ. शून्याची वाट पाहणारे दोन दिवसांत कंटाळतात.

रात्री डोकं शांत होत नसेल तर भावना नकोत, उद्याची कामं लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितकं बरं. 'घरचं बघणे' नको, 'शुक्रवारी शाळेची फी' हवं.

दोन खोल्यांच्या घरात वही कुणाच्या हाती लागेल ही भीती असली की माणूस वहीतही खोटं लिहितो. सुटे कागद घ्या आणि लिहून झाल्यावर फाडा. फोनवर लिहीत असाल तर ते अकाउंट घरातल्या टॅबवरही उघडं नाही ना, हे आधी बघा.

नैराश्यात वही कोरी पडते. तो आळस नसतो, आजाराचाच भाग असतो. तेव्हा परिच्छेदांचा हट्ट सोडून रोज तीनच आकडे टिपा: झोपेचे तास, किती वेळा जेवलो, मूड ० ते १०. मरणाचे विचार पानावर यायला लागले तर मात्र लिहीत बसू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. आणि डॉक्टरांकडे जाताना ते आकड्यांचं पान बरोबर न्या. 'गेले दोन आठवडे कसे गेले?' या प्रश्नाला उदास मन 'सगळे वाईटच' म्हणून मोकळं होतं. कोणत्या रात्री झोप लागली होती, हे त्या पानावर सापडतं.