राखेचा बुधवार आणि नववीचा तास

इंदूरच्या ज्या कॅथलिक शाळेत मी सामाजिक शास्त्र शिकवते, तिथे मूल्यशिक्षणाच्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात: कॅथलिक मुले धर्मशिक्षणासाठी शेजारच्या खोलीत जातात आणि उरलेली बहुसंख्य मुले प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा यांवरचे धडे वाचतात. यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, धर्मशिक्षणाच्या शिक्षिका रजेवर असल्याने नववीचा सगळा वर्ग माझ्यापुढे एकत्र बसला होता.

कॅथलिक मुलांच्या कपाळावरचा राखेचा क्रूस पाहून एका मराठी मुलीने विचारले, परीक्षेला निघताना आजी अंगारा लावते, तसेच का हे? झाबुआकडचा, वसतिगृहात राहणारा एक भिल्ल मुलगा उभा राहिला आणि त्याने सांगितले की, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळून ही राख करतात. ती रक्षणासाठी नसते, आपण मातीचे आहोत आणि मातीलाच मिळणार आहोत याची ती आठवण असते. उपवासाचे बंधन अठराव्या वर्षापासून आणि मांस वर्ज्य करण्याचे चौदाव्यापासून, हेही त्याला पाठ होते. ‘मग तू आत्ताच उपवास का करतोस?’ असे रोजे ठेवणाऱ्या त्याच्या मित्राने विचारले, तेव्हा मात्र पाठ केलेले उत्तर नव्हते. बराच विचार करून तो म्हणाला की, गावी आई करते आणि तिच्यापासून लांब असताना तिच्याबरोबर काहीतरी करावेसे वाटते.

सर्व धर्म एकच शिकवतात, हे आमच्या पुस्तकातले वाक्य मला त्या तासानंतर फारच अपुरे वाटते, कारण मुलांना एकमेकांजवळ आणले ते फरकाने.

दुपारी अभ्यासक्रमाच्या बैठकीत मी एकत्र तासाचा प्रस्ताव मांडला. कॅथलिक मुलांची श्रद्धा पातळ होईल, ही फादरांची शंका रास्त होती. मी व्हॅटिकनच्या १९८८ च्या शिक्षणविषयक दस्तऐवजाचा आधार घेतला: श्रद्धेची जोपासना मुख्यतः स्थानिक चर्चसमुदायात होते, शाळेचे उद्दिष्ट ज्ञान हे आहे. पालकांना धर्मांतराचा संशय येईल, अशी भीती सिस्टरांनी बोलून दाखवली. मध्य प्रदेशात २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्यानंतर ती दुर्लक्षिता येत नाही. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून प्रत्येक पाठ पालकांना आधी वाचायला द्यावा आणि लेखी संमती घ्यावी, असे ठरले. पहिला पाठ उपवासावर असेल. त्याचा मसुदा मी फादरांसोबत लिहीत आहे.