सोळा तासांचा प्रवास

जुलैतला सोमवार, रात्रीचे नऊ. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या विमान-तिकीट ऑफिसचं शटर मी ओढतच होते, तेवढ्यात खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, आबा गेले. धाकटा सॅन फ्रान्सिस्कोत आहे. मोबाईलवर बघितलं, दुबईपर्यंत तेरा हजार किलोमीटर, सोळा तास. म्हणजे उद्या दुपारपर्यंत दुबईत, रात्री घरात. रात्रीच उचलायचं म्हणून भावकीला सांगितलंय. जमतंय न्हवं?"

जमत नव्हतं.

सोळा तास खरे होते, पण ते विमानात बसल्यानंतरचे. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असतं. धाकट्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि विमान होतं दुपारी पावणेचारला. म्हणजे आपली मंगळवारची पहाट, सव्वाचार. दुबईत उतरेपर्यंत आपले रात्रीचे आठ. तिथं तीन तास थांबा, पुढं बेंगळुरूपर्यंत चार तास. मग इमिग्रेशन, सामान, टर्मिनल बदलणं आणि सांबऱ्याचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळाचं, सकाळचं विमान. सांबऱ्याहून गाडीने खानापूर ओलांडून गावात शिरायला बुधवारचे दहा वाजणार. मी सगळं कागदावर एकाखाली एक मांडलं. सदतीस तास झाले.

"दोन रात्री ठेवायचं?" एवढंच म्हणून ते गप्प झाले. प्रेत घरात असेपर्यंत शेजारची चूलही पेटत नाही, हे मी जाणून होते. थांबा किंवा उरका, असं सांगणारी मी कोण? पण आकडा चुकीचा धरून निर्णय झाला असता, तर तो पुढे आयुष्यभर सलला असता. म्हणून म्हटलं, आईंना विचारा, आणि शीतपेटी भाड्याने देणाऱ्याचा नंबर दिला.

त्यांच्या मुलाने फोन घेतला. "मावशी, हे विमान उत्तर ध्रुवाकडून कशाला वळसा घालतंय? सरळ येणारं बघा की." तो वळसा नव्हता. सॅन फ्रान्सिस्को साधारण १२२ अंश पश्चिमेला, दुबई ५५ अंश पूर्वेला. दोन्ही जवळजवळ एकमेकांच्या पाठीमागच्या रेखांशांवर. पृथ्वीचा गोल हातात घेऊन दोरा ताणला, तर तो ध्रुवाजवळूनच जातो. सपाट नकाशा इथं फसवतो. याहून जवळची वाट नाही, हे त्याला पटलं आणि त्याने तसं घरात मोठ्याने सांगितलं.

दहा मिनिटांत फोन आला. आई म्हणाल्या होत्या, थांबूया.

तिकीट काढताना मुंबईमार्गेही बघितलं. पण पुढचे जवळपास पाचशे किलोमीटर पावसात गाडीने म्हणजे दुपार उलटली असती. सांबऱ्याचाही भरवसा कमीच, ढग खाली आले की विमान माघारी जातं. म्हणून त्यांना बजावलं, नक्की वेळ कुणालाही सांगू नका, विमान टेकलं की मी फोन करेन.

बुधवारी विमान थोडा वेळ घिरट्या घालून उतरलं. साडेदहाला धाकटा दारात पोचला.

चार दिवसांनी तो स्वतः ऑफिसात आला, तेराव्यानंतरचं परतीचं तिकीट हवं होतं. जाताना घड्याळ उलटं चालतं. दुबईहून सकाळी नऊला निघालेला माणूस सोळा तासांनी उतरतो, तरी तिथं त्याच तारखेची दुपार असते. पण त्याने तासांचं विचारलंच नाही. आईला सोबत नेता येईल का, व्हिसाला किती दिवस लागतात, एवढंच विचारत राहिला.